आबुसा हेक्टर यांची पहिली माती

सोमवारी दुपारी स्कॉटलंडहून पत्र आलं आणि पाकिटावरचं अक्षर बघूनच आबुसा फानुएल चिकोपांच्या तोंडचं पाणी पळालं. अक्षर हेक्टरचं नव्हतं.

आबुसा म्हणजे पाळक. नामिसोंगा गावच्या ख्रिस्ती मंडळीचे ते सव्वीस वर्षं पाळक होते, आणि त्यातली बावीस वर्षं त्यांचं हेक्टर सिंक्लेअरला दर महिन्याला एक पत्र जायचं, एक यायचं. हेक्टरही पाळकच, स्कॉटलंडच्या पार वरच्या टोकाला, जिथं म्हणे भर उन्हाळ्यातसुद्धा लोक लोकरीचे मोजे घालतात. दोन मंडळ्यांची मैत्री व्हावी म्हणून वरच्या कचेरीतल्या कुणीतरी ही दोन नावं जोडून दिली होती. पहिली दोन वर्षं दोघांनी इमानदारीत मंडळीबद्दल लिहिलं. पुढं हेक्टरची बायको त्याला सोडून गेली. फानुएलची तीन वर्षांची मुलगी तापानं गेली. प्रार्थना करताना कधीकधी पलीकडे कुणी नाहीच असं वाटतं, हेही दोघांनी एकमेकांना लिहून टाकलं. पाळकाला हे आपल्या मंडळीत बोलता येतं होय? बोलला की नोकरी गेली. असा हा मित्र, आणि दोघांनी एकमेकांना कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. हेक्टरला मरायच्या आधी एकदा डोळ्यांनी बघावं, एवढी एकच हौस आबुसांनी आयुष्यात बाळगली होती.

“फोडा तरी,” बायको एनिफा म्हणाली.

“तू फोड.”

“मला इंग्रजी येतं का?”

शेवटी आबुसांना धीर होईना, म्हणून मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी पंच, लुफेयो मास्तर यांना बोलावलं. निवृत्त मुख्याध्यापक, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. त्यांनी पत्र वाचलं. इसोबेल नावाच्या बाईंनी लिहिलं होतं. हेक्टरच्या मंडळीत त्या ऑर्गन वाजवत. ‘रेव्हरंड सिंक्लेअर गुरुवारी दुपारच्या विमानानं चिलेकाला पोहोचतील. त्यांना आडवं ठेवून नेता येईल अशी गाडी कृपया आणावी. तुमच्याकडे यावं ही त्यांची फार दिवसांची इच्छा होती. इथं सगळं उत्तम आहे. यंदा सफरचंदं भरपूर आली.’

मास्तरांनी चष्मा काढला. एनिफा मटकन जमिनीवर बसली.

आता कुणी म्हणेल, यात बसण्यासारखं काय आहे? तर आमच्याकडे मरणाची बातमी कागदावर घालत नाहीत. घालणाऱ्या माणसाला जनावर समजतात. जोहान्सबर्गच्या खाणीत माणूस असेल तर त्याला लिहितात, ‘शेळी व्याली, येऊन जा.’ तो शहाणा असेल तर डोकं भादरूनच गाडीत बसतो. पत्रात चांगल्या बातम्या जेवढ्या जास्त, तेवढं जवळचं माणूस गेलेलं. आणि इथं तर सफरचंदं भरपूर आली होती.

“स्वतःच्या हातानं नाही लिहिलं,” मास्तर बोटांवर मोजत म्हणाले. “तब्येतीचा एक शब्द नाही. आडवं न्यायचं. फार दिवसांची इच्छा होती. आबुसा, अजून काय पाहिजे तुम्हाला? सही?”

“फोन करून बघू या,” आबुसा म्हणाले. आवाज कुठून तरी विहिरीतून यावा तसा येत होता.

“आणि विचारणार काय? ‘हेक्टर, तू मेलास का?’ असं?”

तरी ते चहामळ्याच्या कचेरीत गेले, मॅनेजरच्या हातापाया पडून हेक्टरच्या घरचा नंबर लावून घेतला. पलीकडे घंटी वाजत राहिली. कुणी उचललाच नाही. कसा उचलेल? आबुसांनी फोन ठेवला आणि चहाच्या पोत्यांवर बसून लहान मुलासारखे रडले. बावीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो येत होता, आणि असा येत होता.

संध्याकाळपर्यंत गावभर रडारड सुरू झाली. मंगळवारी मळ्याचा ट्रक ठरला. बुधवारी बायकांच्या मंडळानं दारोदार फिरून मक्याचं पीठ गोळा केलं आणि काळे झगे उन्हात टाकले. मास्तर आजाराचा वृत्तांत लिहायला बसले, कारण आमच्याकडे माती देण्याआधी माणूस कशानं आजारी पडला, कुठल्या दवाखान्यात नेला, शेवटी काय म्हणाला, हे उभं राहून वाचावं लागतं. नाही वाचलं तर लोक भलतंच बोलतात.

“पण आपल्याला माहीत कुठंय कशानं गेला?” आबुसांनी विचारलं.

“थंडी आहे तिकडे,” मास्तर म्हणाले. “न्यूमोनिया लिहितो. सभ्य आजार आहे.”

राहता राहिली कबर. ती खणणारे आझुकुलू, आणि त्यांचा म्होरक्या लास्टन काफेरे. आझुकुलूंच्या वाटेला आमच्याकडे गावचा मुखियासुद्धा जात नाही. मयताच्या घरी यांनी कोंबडी मागितली तर कोंबडी द्यायची, रडणाऱ्याची टिंगल केली तर ऐकून घ्यायची. रागावायचं काम नाही. आणि लास्टनची जीभ म्हणजे कुदळीपेक्षा धारदार.

“लांबी किती?” त्यानं दारातूनच विचारलं.

“जुन्या फोटोत उंच दिसतो,” आबुसा म्हणाले.

“फोटोत? म्हणजे वासावरून जेवण झालं म्हणायचं.” त्यानं फोटो हातात घेतला. “बरं. गोरा माणूस. सहा फूट, वर एक वीत. बुटांसकट पुरतात का हो त्यांना? आणि रुंदी? खाऊनपिऊन होता, की तुमच्यासारखा?”

“लास्टन, माझा मित्र होता रे तो.”

“म्हणून तर नीट खणतो. दोन कोंबड्या लागतील. गोऱ्याची कबर खोल असते.”

गुरुवारी सकाळी कबर तयार झाली आणि ट्रक चिलेकाला निघाला. पुढच्या बाजूला मयताची खूण म्हणून हिरव्या फांद्या बांधलेल्या, मागे गवताची जाड गादी, गादीभोवती बायकांच्या मंडळाच्या तीस बायका, आझुकुलू चौघं, आणि ड्रायव्हरशेजारी आबुसा, मांडीवर बावीस वर्षांची पत्रं घेऊन. ती ते शवपेटीत ठेवणार होते.

विमान वेळेवर आलं. सगळे सामानाच्या खिडकीशी गेले.

“या विमानात प्रेत नाही,” खिडकीतला कारकून म्हणाला.

“नीट बघा,” लास्टन म्हणाला. “उंच आहे. सहा फूट, वर वीतभर.”

“मी उंची विचारली का, बाबा? कागदच नाहीत.”

“कागद नसले म्हणून काय तो परत जाईल? तुमच्या हातून हरवला असेल! एवढा लांब माणूस हरवता, तर लोकांच्या बॅगांचं काय करत असाल!”

इकडे भांडण पेटलं तसं तिकडे गाड्यांच्या आवारात झाडाखाली बायकांनी गाणं धरलं. प्रेत मिळो न मिळो, रडायची वेळ झाली होती. स्तोत्र स्कॉटलंडच्याच चालीचं, मिशननं शंभर वर्षांपूर्वी शिकवलेलं. एक उंच, वाळक्या बांबूसारखा म्हातारा गोरा काठी टेकत बाहेर आला. मयत आहे हे त्यानं ओळखलं, टोपी काढली, आणि मागे उभा राहून खालच्या पट्टीत गाऊ लागला.

“कोण हा?” एनिफा शेजारणीला कुजबुजली. “सुरात आहे हो मेला.”

आबुसा कारकुनाशी हरून परत आले. गाणं संपलं. म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे वळून हळूच विचारलं, “कोण गेलं?”

“माझा मित्र,” आबुसा मान खाली घालून म्हणाले. “बावीस वर्षांचा मित्र.”

“फार वाईट झालं. फार वाईट.” म्हाताऱ्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “मीसुद्धा इथं एका मित्रालाच भेटायला आलोय. आबुसा चिकोपा. ओळखता का त्यांना?”

बायकांच्या मंडळाला इंग्रजी येत नाही, पण एवढं सगळ्यांना कळलं. तीसच्या तीस बायका अशा पळाल्या की दोघी तर पुढं बाजारात सापडल्या. लास्टन तेवढा जागचा हलला नाही. त्यानं म्हाताऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत नजरेनं मोजलं आणि म्हणाला, “वीतभर नाही. चार बोटंच.”

आबुसांनी तो खांद्यावरचा हात धरला. चाचपला. अंगठ्यानं नाडी बघितली.

“गरम आहे,” ते म्हणाले. मग दोघा म्हाताऱ्यांनी भर आवारात एकमेकांच्या गळ्यात पडून जे रडायला सुरुवात केली, त्यात आबुसा आनंदानं रडत होते. हेक्टर कशानं रडत होता, हे विचारायला तेव्हा कुणाला सुचलं नाही.

पळालेल्या बायका गोळा केल्या. हेक्टरला बसवेना. “पाठ फार दुखते. आडवंच व्हावं लागेल. इसोबेलनं लिहिलं असेल ना?”

“लिहिलं होतं,” आबुसा म्हणाले.

मग त्याला गवताच्या गादीवर निजवला. त्या फांद्या तरी काढा म्हटलं, तर ड्रायव्हर ऐकेना. फांद्या एकदा बांधल्या की स्मशानातच सुटतात, मध्ये सोडल्या तर पुढचा नंबर ड्रायव्हरचा. निघाला ट्रक. आमच्या रस्त्यांवर मयताची गाडी दिसली की माणसं सायकलवरून उतरतात, बायका डोक्यावरचं ओझं उतरवून खाली बसतात. एवढी माणसं आपल्यासाठी थांबतात हे बघून हेक्टरला भरून आलं. तो आडव्याचा जरा उठायचा आणि हात हलवायचा. वाटेतल्या लिम्बे गावाच्या पुढं एकजण सायकलला डुक्कर बांधून उभा होता. त्यानं मुडद्याला हात हलवताना पाहिलं आणि सायकल टाकली. डुक्कर सुटून पळालं, मालकही पळाला, दोघं एकाच दिशेनं.

“इथले लोक किती अदबीचे आहेत,” हेक्टर म्हणाला.

“फार,” आबुसा म्हणाले.

गावात चारशे माणूस जमलं होतं. काहिलीत मक्याच्या पिठाचा घट्ट न्सिमा रटरटत होता. ट्रक थांबला, रडण्याचा एकच कल्लोळ उठला, हेक्टर काठी टेकत खाली उतरला, आणि कल्लोळ नळ बंद करावा तसा बंद झाला. आबुसांनी ओट्यावर उभं राहून सगळं समजावून सांगितलं. सांगायला पाऊण तास लागला. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना पटलं. मागच्यांना पटलं नाही, पण जेवण तयार होतं म्हणून ते थांबले.

“तर मग आता आजाराचा वृत्तांत,” लुफेयो मास्तर उठले.

“मास्तर, अहो, तो जिवंत आहे!”

“दोन दिवस खपलोय मी, आबुसा. अकरा पानं आहेत. तो जिवंत आहे तर त्यालाही कळू दे.”

आणि वाचलं की हो त्यांनी! पाहुण्याचा मान म्हणून इंग्रजीत वाचलं. हेक्टर आंब्याखाली चटईवर आडवा पडून स्वतःचा अंत ऐकत होता. बर्फ, ओले मोजे, खोकला, तीन दवाखाने, शेवटचे शब्द ‘नामिसोंगा, नामिसोंगा.’

“न्यूमोनिया?” हेक्टर हसत म्हणाला. “पण डॉक्टर तर म्हणाले की—”

 आबुसांचं हसू तोंडावरच राहिलं.

तेवढ्यात लास्टन पुढं आला, कुदळ खांद्यावर. “जेवणं होतील, गप्पा होतील. त्या कबरीचं काय?”

“बुजवा की.”

“रिकामी?” लास्टननं गावाकडे वळून हात पसरले. “ऐका! आबुसा म्हणतात, रिकामी बुजवा. कबरीनं तोंड उघडलंय. तिला उपाशी ठेवली तर आठ दिवसांत ती आपल्यातलाच एक मागून घेईल. कोण येतंय? मास्तर, तुम्ही?”

मास्तर मागे सरले. चारशे माणसांत एकानंही हे खोटं म्हटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आबुसांनीही नाही. अशा वेळी आमच्याकडे केळीचा खुंट पुरतात. माणसाएवढा, कापडात गुंडाळून, ज्याच्यासाठी खणली त्याच्या नावानं.

“मला बघायची आहे,” हेक्टर म्हणाला.

कोण काय म्हणणार? आझुकुलूंनी त्याला चटईसकट उचलून नेला. कबर झकास होती, कडा सुरीनं कापल्यासारख्या. हेक्टर मातीच्या ढिगावर टेकला. बाकीचे खुंट तोडायला गेले. लास्टन तेवढा थोडा लांब उभा होता.

“डॉक्टर काय म्हणाले?” आबुसांनी विचारलं.

“मणक्यात गाठ आहे, फानुएल. पसरली आहे. चार महिने म्हणाले. इसोबेलला मी शपथ घातली होती, लिहू नकोस म्हणून. माझा हात आता पेन धरत नाही.”

“अरे, पण असा जीव धोक्यात घालून यायचं? कळवायचं तरी!”

“कसं कळवणार? तुझी मुलगी गेली तेव्हा सहा महिने तू मला फक्त मक्याबद्दल लिहीत होतास. मी रागावलो, तर तू लिहिलंस, असली गोष्ट कागदावर घालत नाहीत, माणूस जवळ जाऊन बसतो आणि सांगतो.” त्यानं मातीवर हात टेकला. “म्हणून जवळ येऊन बसलोय.”

 सगळं गाव चुकलं होतं, ते फक्त चार महिन्यांनी.

सूर्य मावळायच्या आत केळीच्या खुंटाला माती दिली. पहिली मूठ हेक्टरनं टाकली, प्रार्थनाही त्यानंच केली. ती लांबली. “आजवर बरीच माणसं पुरली,” लास्टन मोठ्यानं म्हणाला, “पण स्वतःच्या मातीला उपदेश करणारा हा पहिलाच. आणि आटपत नाही.” कुणीतरी भाषांतर करून सांगितलं. हेक्टर एवढा हसला की पाठ धरून खाली बसला.

तो तीन आठवडे राहिला. दोघं आंब्याखाली पडून असत. बोलत फारसे नसत. बोलायचं ते बावीस वर्षांत लिहून झालं होतं. एनिफा त्याला भाजलेला मका दाणे सोलून द्यायची. मग तो विमानानं परत गेला.

त्या पहिल्या मातीनंतर चार महिने आणि नऊ दिवसांनी इसोबेलबाईंचं पत्र आलं. तिकडच्या रीतीनं पहिल्याच ओळीत सगळं लिहिलं होतं.

आबुसांनी मंडळीची घंटा वाजवली. पाच-सहा माणसं आली, त्यांनी ऐकलं, माना हलवल्या आणि उभीच राहिली.

“बसा की,” आबुसा म्हणाले. आमच्याकडे मयताच्या घरी येऊन बसतात. बसणं हेच सगळं असतं.

“आबुसा, वाईट वाटतं हो,” लुफेयो मास्तर म्हणाले. “पण बसता येणार नाही. एका माणसाला दोनदा रडत नाहीत. दुसऱ्यांदा रडलं तर ते रडणं गावातल्या कुणावर तरी जातं. आणि त्याचं तर सगळं झालंय. वृत्तांतसुद्धा झालाय. चारशे माणूस होतं.”

“तेव्हा तो मेला नव्हता!”

“आमची चूक नाही ती,” मास्तर हळूच म्हणाले आणि निघाले. त्यांच्यामागे बाकीचे. एनिफा घरात चुलीशी बसून राहिली. तिचे डोळे वाहत होते, पण दोन नातवंडं होती घरात. ती बाहेर आली नाही. चूल पेटलेली, भांड्यात न्सिमा, आणि अंगणातल्या चटईवर आबुसा एकटे. सव्वीस वर्षांत गावातली एक माती त्यांनी चुकवली नव्हती.

उन्हं कलायला लागली तेव्हा लास्टन कुंपणातून आत आला. कुदळ नव्हती. इकडेतिकडे बघितलं आणि चटईच्या कडेला टेकला.

“मी बसायला आलेलो नाही,” तो म्हणाला. “पाय दुखला म्हणून टेकलोय.”

“बरं.”

“कुणी विचारलं तर सांगा, तंबाखू मागायला आला होता.”

“बरं.”

 आबुसा वाट बघत होते की आता हा काहीतरी बोलेल, कोंबडी मागेल, टिंगल करेल. लास्टन काही बोलला नाही. शेवटी त्यानं घसा साफ केला.

“रडायचं असेल तर रडा, आबुसा. मी तिकडे तोंड करतो. ऐकलं नाही म्हणून सांगेन.”

त्यानं खरंच आंब्याकडे तोंड केलं. आबुसा रडले. मोठ्यानं रडले, तोंडावर हात न ठेवता, जसं पाळकानं कुणासमोर रडू नये तसं. लास्टन आंब्याकडे बघत राहिला.

“झालं?” बऱ्याच वेळानं त्यानं न वळता विचारलं. “का थांबू अजून?”

“थांब,” आबुसा म्हणाले.

लास्टन थांबला.